चातुर्मासातली लसूण

आषाढ शु. ११, शके १९०९

रामेश्वराला हात जोडून लिहायला घेते. हिशेबाच्या वहीची मागची पानं दरसाल कोरी राहतात. रद्दीत जाण्यापेक्षा त्यांवर चार ओळी पडलेल्या बऱ्या.

आज चातुर्मास लागला. सकाळीच लसणीची टोपली समोरच्या अंजनाबाईंकडे रिकामी करून आले. आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत कांदा, लसूण, वांगं उंबरठ्याच्या आत येत नाही. ह्यांच्या गळ्यात माळ आहे, तेव्हा नियम म्हणजे नियम. गिरणी बंद पडली आणि हे भांडुपच्या औषध कंपनीत स्टोअरमध्ये लागेपर्यंत घरात कसंबसं चाललं होतं, तेव्हासुद्धा तो मोडला नाही.

उत्तराचा आमच्या घरातला हा पहिलाच चातुर्मास. नंदूचं लग्न मार्गशीर्षात झालं. पोरगी एम.एस्सी. झालेली, आता विक्रोळीच्या विज्ञान मंदिरात पीएच.डी. करते. मी म्हटलं, "तुझं दिवसभर बाहेरचं खाणं. नाही जमलं तर आत्ताच सांग, मागाहून नको." तर हसून म्हणते, "जमेल की आई. लॅबमध्ये आम्हीही तेच करतो. एखादी वस्तू काढून ठेवल्याशिवाय तिचं काम काय ते कळत नाही."

मला नीटसं कळलं नाही, पण बरं वाटलं. हे खुर्चीतून म्हणाले, "कणकवलीच्या मास्तरांची मुलगी आहे. शब्दाची पक्की असणार."

आषाढ व. ६

उत्तरा मनगटावर रुमाल बांधून आली. रुमाल सोडला तर टपोरे फोड. कसल्याशा द्रवाचा थेंब उडाला, हवा लागताच त्याने पेट घेतला म्हणे. मी कोरफडीचा गर लावला.

नंदूचं डोकंच फिरलं. "पुन्हा असं काही झालं ना, तर बास. टेलिफोन खात्यात मला पुरेसा पगार आहे." हे आवाज चढवत नाहीत, पण म्हणाले ते त्याहून वाईट होतं. "शिकण्याला माझी ना नाही. पण घरची सून विषाशी खेळायला आणलेली नाही. एकदा झालं, सोडून दिलं. दुसऱ्यांदा झालं तर ते काम बंद."

उत्तरा "हो" म्हणाली. कशाला हो म्हणाली, कोण जाणे.

श्रावण शु. ५

नागपंचमी. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, त्यामुळे आम्ही दोघी रिकाम्या. नागोबाला लाह्या-दूध झालं, रांगोळी उरली होती. मी म्हटलं, "तू दिवसभर तिथे करतेस तरी काय, मला सांग बघू. मॅट्रिकपर्यंतचं कळेल असं सांग."

तिने फरशीवर चार ठिपके टाकले आणि जोडले. वाकडा पतंग झाला, मधोमध एक काडी.

"हे सिलिकॉन, आई. वाळूत असतं ना, त्यातलंच. या चार कणांचा हा पिंजरा. पण ही मधली काडी आहे ना, ती फार ताणलेली आहे. कंदिलाची कामटी जास्त वाकवली की कशी सुटायला बघते, तशी. तिथे गंधक घातला की ती सुटते, आणि गंधक त्या जागी जाऊन बसतो."

"म्हणजे एवढ्या कष्टाने पिंजरा बांधायचा आणि मोडायचा?"

"मोडत नाही. मोठा होतो."

मग म्हणाली, हे चार भाऊ आहेत. थोरला प्राणवायू, फार उतावळा, आत शिरला की सगळं जाळून टाकतो. दुसरा गंधक, तो शहाण्यासारखा बसतो. तिसरा सेलेनियम, तोही तिने वैशाखात बसवला. धाकटा टेल्युरियम. तो जड अंगाचा आणि हट्टी. बसला तरी उजेड लागला की उठून जातो, नळीत नुसती काळी राख राहते. त्याला या पिंजऱ्यात अजून कुणी बसवलेलं नाही. जपानात एक जण मागे लागलाय.

"मग तू काय करणार?"

"त्याच्या आधी बसवणार," म्हणाली. तेव्हा तिचा चेहरा, देवापुढे निरांजन लावल्यावर दिसतो ना, तसा होता. मला हे पोरीचं वेड काही कळत नाही. धाकट्याला बसायचं नाही तर कशाला बसवा? पण रांगोळी पुसवेना. संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली.

श्रावण शु. ८

उत्तरा आज न्हाऊन आली. घरी येऊन न्हाली नाही, तिकडूनच केस ओले घेऊन आली. अंगावर तिच्या मैत्रिणीचा, सुलक्षणाचा ड्रेस. साडी पिशवीत, ओली पिळून. विचारलं तर म्हणाली, "पाणी सांडलं आई." पाणी सांडलं म्हणून कुणी डोक्यावरून न्हातं का? नंदू घरी यायच्या आत तिने साडी दोनदा साबणाने धुतली. साबणाची वडी निम्मी झाली.

श्रावण शु. १३

पोरीला काय होतंय कळत नाही. संध्याकाळी आली की भिंतीला टेकून पेंगते. आज पडवळाची भाजी मुद्दाम तिच्या आवडीची केली, तर दोन घास घेऊन ताट सरकवलं. "तोंडात सारखं तांब्याचं भांडं ठेवल्यासारखं लागतंय, आई." पाणी मात्र घटाघटा पिते.

झोप, तोंडाला चव नाही, अन्नावर वासना नाही. मी दोन आणि दोन चार केले. कुणाला बोलले नाही अजून. देवाजवळ मात्र बोलले.

श्रावण पौर्णिमा

नारळीभात केला. तिने देवासमोरचा घास तेवढा घेतला. मी जुन्या साड्यांची गाठोडी माळ्यावरून काढली. मऊ बघून दोन बाजूला ठेवल्या, दुपट्यांना होतील. हे म्हणाले, "आज कसली सफाई?" म्हटलं, "झुरळं झालीत."

श्रावण व. ३

अंजनाबाई दुपारी दार लोटून आत आल्या. त्या आमच्या मालवणच्याच. जीभ सुरीसारखी, पण मन वाईट नाही.

"गो वनमाला, एक विचारू? रागाव नको हां. तुज्या सुनेच्या तोंडाक लसणीचो वास येता."

"काहीतरीच काय!"

"काहीतरी नाय. जिन्यात बोलली माझ्याशी. माका वाटला, मीच दुपारी चटणी खाल्लंय म्हणान माकाच येता. दुसऱ्या दिवशी मी खाऊक नाय, तरी येता. तुमचो चातुर्मास ना? की फकत सासूचोच?"

म्हटलं, "अंजनाबाई, डोहाळे असतील." तोंडातून निघून गेलं. त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगो बाये! मगे खांव दे गो, खांव दे!"

संध्याकाळी मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले. खरंच वास आहे. नुसता तोंडाला नाही. मला हायसंही वाटलं आणि कसंसंही. डोहाळ्याला कोण अडवतं? पण मला का सांगू नये?

श्रावण व. ७

उत्तरा आज बाजूला बसली.

मऊ साड्या परत माळ्यावर टाकल्या. अंजनाबाईंना काय सांगू? आणि डोहाळे नाहीत तर मग लसूण कशासाठी? नुसत्या जिभेसाठी? नियम धरताना मी तिला वाट ठेवली होती की. आधीच नाही म्हणाली असती तर मी एका शब्दाने बोलले नसते.

श्रावण व. १२

आज व्हायचं ते झालं.

उत्तरा ह्यांना वाढत होती. ताकाची वाटी ठेवायला वाकली आणि ह्यांनी हात आखडता घेतला. म्हणाले, "सूनबाई, लसूण खाल्लीस?"

मी स्वयंपाकघराच्या दारात. मला वाटलं ती नाही म्हणेल. मनात म्हटलं, रामेश्वरा, तिला नाही म्हणू दे, मग आपण वासाचं बघू. ती नंदूकडे बघत होती. नंदूने तिच्या मनगटावरच्या जुन्या डागाकडे बघितलं आणि म्हणाला, "काय गं? की तिकडे लॅबमध्ये पुन्हा काही..."

त्याला पुरतं बोलूही दिलं नाही तिने. "हो. खाल्ली," म्हणाली. "कॅन्टीनमध्ये. रोजच खाते."

हे ताटावरून उठले. हात धुऊन आले आणि एवढंच म्हणाले, "नियम कुणी लादला नव्हता. तुळशीच्या लग्नापर्यंत माझ्या ताटात तिच्या हातचं नको. देवाच्या खोलीतही नको. गणपतीला गावी तर नकोच. गौरीच्या नैवेद्यात हात घालायची ती."

उत्तरा रडली नाही. भांडी घासायला बसली. खरं सांगते, तिच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. पकडलं गेलेलं माणूस असं दिसतं का?

भाद्रपद शु. १

हे आणि नंदू गणपतीला आचऱ्याला गेले. दीरांच्या घरी आमचा सामाईक गणपती. लग्न झाल्यापासून मी एकही गणपती चुकवला नव्हता. यंदा म्हटलं, पोरीला एकटीला टाकून मी येत नाही. हे म्हणाले, "तिची शिक्षा तू का भोगतेस?" मी लाडवांचा डबा हातात दिला.

भाद्रपद शु. ३

हरितालिका. दोघींनी निर्जळी उपास धरला. उत्तराने रजा काढली होती. म्हटलं, "तुला कशाला? तुझं तसंही..." तशी म्हणाली, "आई, हे तरी करू द्या."

वाळूची पिंड केली. वाळू मळताना ती हसली. "बघा, सिलिकॉनची पूजा." देवाची थट्टा मला आवडत नाही, पण किती दिवसांनी हसली होती.

पहाटेपासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. उंबरठा ओलांडला नाही. तोंडात पाण्याचा थेंब नाही. घरात लसणीची साल नाही. आणि दुपारी मी तिच्या केसांना तेल लावायला बसले तर मानेला, घामाला, पदराला, सगळीकडे लसूण! सकाळपेक्षा जास्तच.

मी स्वयंपाकघरात जन्म घालवलाय. लसणीचा वास मला कळतो. कच्ची खाल्ली तरी दुसऱ्या दिवशी निम्मा होतो, तिसऱ्या दिवशी जातो. न खाता वाढत नाही.

मग ती खोटं बोलली. पण उलटं खोटं. माणूस खाऊन नाही म्हणतं. न खाता हो कोण म्हणतं? ह्यांनी ताटावरून उठावं, देवाची खोली बंद व्हावी, ह्याच्यासाठी कुणी खोटं बोलतं का? माझं डोकं चालेनासं झालंय. उपासाने असेल.

भाद्रपद शु. ४

तसबिरीपुढे दोघींपुरते मोदक केले. तिने एक खाल्ला. "चव लागते का?" विचारलं. "गूळ लागतो थोडा," म्हणाली. हे खोटं साधं होतं, मला लगेच ओळखता आलं.

भाद्रपद शु. ६

आज विक्रोळीला गेले. ती डबा विसरली हे निमित्त. खरं म्हणजे तो मीच तिच्या पिशवीतून काढून ठेवला होता. अन्नाची अशी चोरी कधी केली नव्हती, पण मला ते कॅन्टीन बघायचंच होतं.

विज्ञान मंदिरात वऱ्हांड्यातच एक चष्मेवाली मुलगी भेटली. तीच सुलक्षणा. "मावशी, तुम्ही उत्तराच्या सासूबाई ना? बसा ना. ती काचेच्या कपाटात हात घालून बसलीय, अर्ध्यात सोडलं तर वाट लागेल."

बसले. मग हळूच विचारलं, "तुमच्या कॅन्टीनमध्ये लसूण फार घालतात का गं?"

"लसूण? मावशी, आमच्या कॅन्टीनच्या आमटीत डाळसुद्धा घालत नाहीत!" आणि मग एकदम, "अच्छा, वासाचं म्हणताय! अहो, आम्ही तर तिला फोडणीबाई म्हणतो. ती आली की सगळ्यांना भूक लागते. जाईल तो, अजून महिनाभर तरी..." माझ्याकडे बघून ती थांबली. "तिने घरी नाही सांगितलं?"

"सांगितलं की," मी म्हटलं. आयुष्यात एवढं सरळ खोटं बोलले नव्हते. "पण माझं शिक्षण मॅट्रिक. तू पुन्हा सांग."

तिने सांगितलं. श्रावणात एक दिवस नळीला तडा गेला. आत टेल्युरियम होतं, तापवलेलं. उत्तराने कुणाला हाक न मारता एकटीनेच ते आवरलं. श्वासातून अंगात गेलं. अंगात गेलं की शरीर ते उच्छ्वासातून, घामातून बाहेर टाकत राहतं, आणि त्याला हुबेहूब लसणीचा वास. लसणीचा त्यात संबंधच नाही. झोप येते, तोंडाला धातूची चव येते.

"मग हिला तिथून बाहेर का काढत नाहीत?"

"सर परिषदेला परदेशी आहेत, मावशी. त्यांना कळलं तर पहिल्यांदा तेच बाहेर काढतील. मी तिला रोज सांगते, सोड. ती म्हणते एवढी एकच नळी. मला आत जाऊच देत नाही."

डबा तिच्याकडे दिला आणि निघाले. बस स्टॉपवर दोन बसगाड्या सोडल्या. म्हणजे सोडायच्या नव्हत्या, पण हात वर झाला नाही.

भाद्रपद शु. ६, पुन्हा

आल्या आल्या तिला स्वयंपाकघरात ओढली. "सुलक्षणा भेटली," म्हटलं. ती पाटावर बसली.

"अगं, पाप केलं नाहीस तर केलं म्हणून का सांगितलंस?"

"आई, लसूण खाल्ली म्हटल्यावर बाबा ताटापासून दूर ठेवणार, एवढंच. खरं सांगितलं असतं तर पिंजऱ्यापासून दूर ठेवलं असतं. दुसऱ्यांदा झालं तर काम बंद, म्हणाले होते ना? ताटाचं मला सोसवलं."

"ताटाचं तुला सोसवलं. मला सोसवलं का ते विचारलंस?"

ती मग म्हणते, "एवढ्याने कुणी मरत नाही. पुस्तकात आहे तसं."

"त्या पुस्तकात तू कुणाची सून आहेस ते लिहिलंय का?"

तेव्हा रडली. श्रावणातलं सगळं तेव्हा रडली. वास तर एवढा होता की माझे डोळे त्यानेच भरले असं मी समजते.

मग आमचा करार झाला. उद्या डॉक्टर. सर आले की त्यांना सगळं सांगायचं. आजपासून त्या कपाटात हात नाही. नळी सुलक्षणा सांभाळेल, हिने बाहेर बसून सांगायचं, तीळभर आत जायचं नाही. आणि मी घरात बोलणार नाही. ती लगेच हो म्हणाली नाही. किती वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

"आणि बाबांनी विचारलं तर?"

"ह्यांचं मी बघते," म्हणाले. काय बघणार होते, देव जाणे.

भाद्रपद शु. ७

डॉक्टरांनी तपासलं, लिहून घेतलं, पाणी भरपूर प्यायला आणि लिंबू-आवळा खायला सांगितलं. "हळूहळू जाईल. पण पुन्हा अंगात जाता कामा नये," म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मीच घालत होते.

भाद्रपद शु. १२

हे आणि नंदू सकाळी आले. प्रसाद, नारळ, आणि एक बातमी. येताना हे कणकवलीला उतरून उत्तराच्या वडिलांना भेटून आलेत. मास्तरांना वाईट वाटलं. रविवारी येऊन तिला घेऊन जाणार, कार्तिकापर्यंत माहेरी ठेवणार.

"तोवर जिभेला वळण लागेल," हे म्हणाले. नंदू खिडकीतून खाली बघत होता. उत्तरा पांढरी पडली. कार्तिकापर्यंत म्हणजे तिची नळी, सर, सुलक्षणा, सगळं गेलं. तिने तोंड उघडलं, ती खरं सांगणार होती. आणि खरं सांगितलं असतं तर कार्तिकानंतरही गेलं असतं.

मी मधे पडले. "तिला नेऊ नका. लसूण मीच देत होते."

हे वळले.

"तिचे सांधे धरतात, रात्रभर उभं राहून काम केल्यासारखे. माझ्या आईचं औषध आहे, तुपात तळलेल्या लसणीच्या पाकळ्या, वाताला. घरात आणता येत नाही म्हणून तिथे खा म्हटलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."

"मग ती बोलली का नाही?"

"तुम्ही विचारलंत खाल्लीस का. ती हो म्हणाली. का खाल्लीस, हे कुणी विचारलं?"

ह्यांनी मग गळ्यातली माळ हातात धरली. काढली नाही, नुसती पुढे केली. "हिला हात लावून सांग."

उत्तरा "आई, नको" म्हणाली. मी हात लावला. मणी ह्यांच्या अंगाने गरम होते. म्हटलं, "मीच दिली."

ह्यांनी डोळे मिटले. "आतुराला नियम नसतो," म्हणाले. आतुर म्हणजे आजारी माणूस. शास्त्रातलं आहे, ते नेहमी म्हणतात. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "उत्तरा, पाणी दे."

तिने दिलं. त्यांनी प्यायलं. मास्तरांना येऊ नका म्हणून नंदूने लगेच फोन केला.

मी देवाच्या खोलीत गेले नाही. आज दिवा उत्तराने लावला.

भाद्रपद व. २

सर परत आले. उत्तराने सांगितलं. खूप बोलले म्हणे, आणि टेबलावर बसवली. अंगातला वास पूर्ण जाईपर्यंत लिहायचं काम. नळी सुलक्षणाकडे.

भाद्रपद व. ५

ह्यांनी कंपनीतून येताना उत्तरासाठी गोळ्यांचं पाकीट आणलं. 'सी' व्हिटॅमिन. तिच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "आमच्या केमिस्टने दिल्यात. सर्दीला बऱ्या." घरात कुणालाही सर्दी नाही. मी म्हटलं, "सांध्यांना चालतात का?" तर म्हणाले, "चालतील." आणि जपाला बसले.

भाद्रपद व. ९

पितृपंधरवडा. आज सासूबाईंचं पान वाढायला उत्तरा होती. मला अजून देवापुढे धीटपणे बसवत नाही. माळ ह्यांच्या गळ्यात दिसली की माझे हात आपोआप पदरात जातात. अंजनाबाईंना सांगितलं, औषध होतं. "सांध्यांक? ह्या वयात? मगे माका सांग गो ता औषध, माझे गुडगे गेले." आता त्यांना रोज सकाळी दोन पाकळ्या खाव्या लागतायत. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण अंजनाबाई जिना चांगल्या चढायला लागल्या आहेत.

आश्विन शु. ७

हे मधूनच म्हणाले, "हल्ली टेबलावरच काम आहे ना तिचं?" मी हो म्हटलं. मग वाटलं, टेबलाचं ह्यांना कुणी सांगितलं? नंदूला तर ठाऊक नाही.

आश्विन व. ४

आज तिच्या उशीचा अभ्रा बदलताना नाकाशी धरला. नुसता खोबरेल तेलाचा वास. पुन्हा धरला. तेलच.

आश्विन व. ११

उत्तरा धावत जिना चढून आली. "आई, बसला! धाकटा बसला!" सुलक्षणाने नळी अंधारात उघडली, लाल रंगाचे बारीक खडे निघाले. मोजमाप झालं. चार कणांचा पिंजरा, मधली काडी सुटलेली, तिथे तो. उजेडात ठेवला तर काळा पडतो, म्हणून काळ्या कागदात गुंडाळून ठेवलाय. जपानचं काय ते माहीत नाही. शोधाचा कागद छापायला पाठवलाय. त्यावर सुलक्षणाचं नाव हिच्या शेजारी घातलं.

मी म्हटलं, "मला बघायला मिळेल का?"

"उजेडात नाही बघता यायचा आई."

एवढं सोसून केलेली वस्तू, आणि बघायची नाही. हे शास्त्र मला कळायचं नाही. साखर वाटली. माझी स्वतःची यंदा चातुर्मासभर बंद आहे, म्हणून मी तिच्या हातावर दुप्पट ठेवली.

कार्तिक शु. १२

तुळशीचं लग्न लागलं. अंतरपाट उत्तराने धरला, दुसरं टोक नंदूने. अंजनाबाईंनी मंगलाष्टकं इतकी चढ्या आवाजात म्हटली की खालच्या मजल्यावरचे अक्षता घेऊन वर आले. चातुर्मास संपला.

मी तुळशीजवळ मागे राहिले. माळेला हात लावून खोटं बोलले, त्याचं प्रायश्चित्त काय, हे मी बरेच दिवस मनात घोळवत होते. भटजींना विचारणं शक्य नव्हतं. तेव्हा माझं मीच ठरवलं आणि तुळशीला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

कार्तिक शु. १३

दरवर्षीप्रमाणे आज लसणीची चटणी केली. ह्यांचा त्यावर फार जीव. चार महिने बोलत नाहीत, पण आज सकाळपासून खलबत्त्याकडे बघतात. सुकं खोबरं, तिखट, भरपूर लसूण. गरम भाकरी. उत्तराने एक घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "आई, चव लागली!" नंदूने तिच्या पानात आणखी घातली.

हे म्हणाले, "तुझ्या पानात नाही?"

"मला नको."

"का? आता कसला नियम?"

"सोडली मी. कायमची."

ह्यांनी घास तोंडाशी नेलेला होता. तो खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग उत्तराकडे, मग भाकरीवरची चटणी बोटाने निरपून ताटाच्या कडेला सारली.

"मग मलाही नको," म्हणाले. "यापुढे माझ्यासाठी करू नकोस."

आणि ताकाशी भाकरी खाल्ली. काय झालं ह्यांना, कळेना. एवढी वाट बघितली होती. चटणी वाया जाऊ नये म्हणून वाटी भरून अंजनाबाईंना देऊन आले. परत येते तो हे देवापुढे बसले होते, आणि शेजारी माझाही पाट मांडून ठेवला होता.